एरेबसचे दोन अहवाल: पुरावा तोच, निष्कर्ष वेगळे



इतिहासात संशोधन करायचं ठरवलं की पहिल्या महिन्यातच दोन शब्द पाठ होतात: प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं. पेटच्या पेपरात व्याख्या विचारतात, आपण लिहितो, मार्क मिळतात. खरी पंचाईत पुढे होते. समजा, दोन माणसं आहेत. दोघंही आपापल्या कामात मुरलेली, दोघांसमोर बरीचशी कागदपत्रं तीच, आणि निष्कर्ष मात्र एकमेकांच्या उलट. अशा वेळी कुणाचं धरायचं? आणि कशाच्या जोरावर?

यावर नुसती पद्धतीशास्त्राची चर्चा करण्यापेक्षा आज एक प्रकरणच घेऊ. अंटार्क्टिकात १९७९ मध्ये झालेला विमान अपघात आणि त्याच्या दोन चौकशा. विमानांमधलं काही कळत नसलं तरी चालेल. मुद्दा साधनांचा आहे, आणि एका मेलेल्या माणसाच्या नावाचाही.

काय घडलं

२८ नोव्हेंबर १९७९. एअर न्यूझीलंडचं डीसी-१० जातीचं विमान सकाळी ऑकलंडहून निघालं. फ्लाइट ९०१. अंटार्क्टिकात ते कुठेही उतरणार नव्हतं. प्रवाशांना खिडकीतून बर्फाचा खंड दाखवायचा आणि परत फिरायचं, अशी ती दिवसभराची सहल. फेब्रुवारी १९७७ पासून या सहली सुरू होत्या. विमानात २३७ प्रवासी आणि २० कर्मचारी होते. बाहेर काय दिसतंय ते सांगायला पीटर मलग्रू हे गिर्यारोहक सोबत होते. आधीच्या सहलींमध्ये हे काम एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनीही केलं होतं.

दुपारी एक वाजायला दहा मिनिटं असताना हे विमान रॉस बेटावरच्या माउंट एरेबसच्या उतारावर आदळलं. एरेबस हा जिवंत ज्वालामुखी आहे, उंची ३,७९४ मीटर. विमान आदळलं ते समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर. २५७ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. तेव्हा अख्ख्या न्यूझीलंडची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास होती. तिथल्या लोकांसाठी हा धक्का किती मोठा असेल, याचा अंदाज त्यावरून करा.

जागा अशी की पायी पोहोचणं जवळपास अशक्य. बर्फाचा उतार, त्यात खोल भेगा. आधार दोनच, अमेरिकेचं मॅकमर्डो स्टेशन आणि शेजारचा न्यूझीलंडचा स्कॉट बेस. अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून आधी गिर्यारोहक उतरवले गेले, मग पोलीस आणि तपास अधिकारी आले. उतारावरच तंबू ठोकून काम चालायचं. हवा बिघडली की हेलिकॉप्टर बंद, म्हणजे कामही अडकलं. मृतदेह, प्रवाशांच्या वस्तू, विमानाचे रेकॉर्डर असं सगळं अनेकांच्या हातांतून खाली आलं. ही ‘अनेकांच्या हातांतून’ची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

दोन अंशांची गोष्ट

या सहलींचा मार्ग कॉम्प्युटरमध्ये अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांनी भरलेला असे. १९७८ मध्ये हा मार्ग नव्याने भरताना शेवटच्या टप्प्याचं रेखांश १६४ अंश ४८ मिनिटं पूर्व असं पडलं. ते १६६ अंशांच्या घरात असायला हवं होतं. त्यामुळे कागदावरचा मार्ग एरेबसच्या डोक्यावरून न जाता पश्चिमेला, मॅकमर्डो साउंड नावाच्या रुंद, सपाट, गोठलेल्या समुद्रावरून जाऊ लागला. चूक होती, पण सोयीची. पुढची वर्षभराहून जास्त काळची उड्डाणं याच आकड्यांवर झाली.

९ नोव्हेंबर १९७९ रोजी कॅप्टन जिम कॉलिन्स आणि को-पायलट ग्रेग कॅसिन यांना या उड्डाणाची माहिती देण्यात आली. तेव्हा दाखवलेल्या कागदांवर हाच समुद्रावरचा मार्ग होता. दोघांपैकी कुणीही आधी अंटार्क्टिकात गेलेलं नव्हतं. १४ नोव्हेंबरच्या उड्डाणावर गेलेल्या दुसऱ्या एका कॅप्टनच्या लक्षात आलं की मार्गाचं टोक आणि मॅकमर्डोचं दिशादर्शक केंद्र यांत बरंच अंतर पडतंय. त्याने परत आल्यावर ते सांगितलं. मग कंपनीच्या नॅव्हिगेशन विभागाने आकडा ‘दुरुस्त’ केला: १६६ अंश ५८ मिनिटं. ही दुरुस्ती झाली फ्लाइट ९०१ निघण्याच्या काही तास आधी, रात्रीतून. वैमानिकांना कुणीही सांगितलं नाही.

आता थोडं गणित करू. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. ध्रुवाकडे जावं तसे रेखांश जवळ येतात. ७८ अंश दक्षिणेला तोच अंश जेमतेम २३ किलोमीटरचा उरतो. म्हणजे २ अंश १० मिनिटांचा फरक सुमारे ५० किलोमीटरचा. तेवढ्याने समुद्रावरचा मार्ग थेट एरेबसवर येऊन बसला. नॅव्हिगेशन विभागाचं म्हणणं असं की जुना आकडा १६६ अंश ४८ मिनिटं आहे अशीच त्यांची समजूत होती. तसं असेल तर फरक फक्त १० मिनिटांचा, म्हणजे ४ किलोमीटरपेक्षाही कमी. एवढ्यासाठी वैमानिकांना काय कळवायचं!

सकाळी वैमानिकांनी नव्या कागदावरचे आकडे विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये भरले. आकड्यांच्या रांगेत एक बदलला आहे, हे नुसतं बघून कळण्यासारखं नव्हतं.

पहिला अहवाल

पहिला तपास रॉन चिपिंडेल यांचा. न्यूझीलंडचे मुख्य विमान अपघात निरीक्षक. अपघातानंतर ते अंटार्क्टिकात गेले, अवशेष पाहिले, रेकॉर्डर तपासले. त्यांचा अहवाल १९८० च्या मध्यावर आला. त्याचा सारांश असा: आपण नेमके कुठे आहोत याची वैमानिकांना खात्री नव्हती, समोर जमीन आणि क्षितिज स्पष्ट दिसत नव्हतं, तरीही कॅप्टनने कमी उंचीवर पुढे जाण्याचा निर्णय घेतला, आणि तेच अपघाताचं संभाव्य कारण.

हा मुद्दा पोकळ नव्हता. कंपनीच्या नियमाप्रमाणे पर्वत ओलांडेपर्यंत १६,००० फुटांच्या खाली यायचं नव्हतं. विमान आलं होतं १,५०० फुटांवर. विमान वाहतुकीतले काही जाणकार आजही हेच म्हणतात.

आणि एक गोष्ट नीट वाचा. आकडा बदलला आणि वैमानिकांना कळवलं नाही, हे चिपिंडेल यांच्या अहवालातही आहे. त्यांनी ते दडवलेलं नाही. फक्त ते त्यांच्या लेखी अनेक बाबींपैकी एक ठरलं. मुख्य कारण म्हणून त्यांनी निवडलं ते साखळीच्या अगदी शेवटी असलेल्या माणसाचं कृत्य. दोन अहवालांतला मोठा फरक इथेच आहे: कोणती गोष्ट कारण म्हणून पुढे ठेवली आणि कोणती पार्श्वभूमीत ढकलली. आपल्या थिसिसमध्येही हे सतत घडतं. ‘कारणे’ या प्रकरणात काय गेलं आणि ‘पार्श्वभूमी’त काय गेलं, हा नुसता मांडणीचा प्रश्न नसतो, तो निष्कर्षच असतो.

दुसरा प्रश्न

लोकांचा रोष पाहून सरकारने रॉयल कमिशन नेमलं. एकच सदस्य, न्यायमूर्ती पीटर माहॉन. ७५ दिवस सुनावणी चालली. चिपिंडेल यांनी विचारलं होतं, कॅप्टनचं काय चुकलं? माहॉन यांनी प्रश्न बदलला. अनुभवी वैमानिक स्वच्छ हवेत, चालू स्थितीतलं विमान घेऊन सरळ पर्वतावर जातो. त्याला त्या क्षणी ते बरोबर का वाटत होतं?

‘स्वच्छ हवेत’ हे कळलं प्रवाशांमुळे. अवशेषांमध्ये सापडलेल्या कॅमेऱ्यांतल्या फिल्म धुतल्या, तेव्हा अपघाताच्या आधीच्या क्षणांपर्यंत दोन्ही बाजूंचं लांबवरचं दृश्य स्पष्ट दिसत होतं. विमान ढगात शिरलेलं नव्हतं. म्हणजे वैमानिक आंधळेपणाने ढगातून उडत होते ही कल्पना बाद झाली. सहलीच्या फोटोंनी तज्ज्ञांच्या तर्काला छेद दिला. साधन कोणत्या हेतूने तयार झालं आणि आपल्याला ते कशासाठी उपयोगी पडेल, याचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

मग समोरचा पर्वत का दिसला नाही? इथे एअर न्यूझीलंडचेच एक वैमानिक गॉर्डन व्हेट यांचं काम महत्त्वाचं ठरलं. त्यांनी व्हाइटआउटचा अभ्यास केला. घाटातल्या धुक्यात आपल्याला काही दिसत नाही आणि दिसत नाही हे कळतंही, म्हणून आपण गाडी हळू करतो. व्हाइटआउटमध्ये उलटं होतं. हवा स्वच्छ असते, पण वर ढगांचं छत आणि खाली बर्फ, प्रकाश दोघांमध्ये परावर्तित होत राहतो. कुठेही सावली पडत नाही. समोरचा चढ सपाट मैदानासारखा दिसतो, आणि ते मैदान दूरवर ढगांना टेकल्याचा भास होतो. आपल्याला दिसत नाहीये हेच कळत नाही.

त्यात भर पडली भूगोलाची. वैमानिकांच्या मनात नकाशा होता मॅकमर्डो साउंडचा: दोन्ही बाजूंना भूशिरं, मध्ये गोठलेला सपाट समुद्र. प्रत्यक्षात ते शिरले होते लुईस बे या उपसागरात. तिथेही दोन्ही बाजूंना भूशिरं आहेत, उजवीकडे केप बर्ड, डावीकडे केप टेनिसन. जे अपेक्षित होतं, साधारण तसंच दिसलं. फक्त मध्ये समुद्राच्या पुढे एरेबसचा चढ होता.

कॉलिन्स यांनी उड्डाणाच्या आदल्या रात्री घरी नकाशे पसरून मार्ग आखला होता, अशी साक्ष त्यांच्या कुटुंबाने दिली. त्या वेळी त्यांच्याजवळ असलेला मार्ग समुद्रावरचा होता. म्हणजे ‘खात्री नव्हती’ हे गृहीतकच डळमळलं. त्यांना खात्री होती, ती चुकीच्या माहितीवर उभी होती.

२७ एप्रिल १९८१ रोजी माहॉन यांचा अहवाल जाहीर झाला. त्यात मुख्य कारण ठरलं ते म्हणजे विमान थेट एरेबसकडे नेणारा मार्ग भरणं आणि तो बदल वैमानिकांना न सांगणं. दोष कंपनीच्या कारभाराचा होता, वैमानिकांचा नव्हता. १६,००० फुटांच्या नियमाबद्दलही त्यांनी दाखवून दिलं की आधीच्या उड्डाणांतही विमानं खाली येत होती आणि कंपनीच्या स्वतःच्या प्रसिद्धी साहित्यात त्याचं कौतुकाने वर्णन छापलेलं होतं. लिहिलेला नियम आणि चालू असलेला रिवाज यांतला हा फरक. सरकारी आदेश वाचून प्रत्यक्षात तसंच घडलं असेल असं धरून चालणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

साधनं कशी हाताळली गेली

कॉकपिटमधलं बोलणं टेप झालं होतं. वॉशिंग्टनमध्ये, वैमानिकांचे आवाज ओळखणाऱ्या लोकांना सोबत घेऊन, एकमताने एक लेखी प्रत तयार झाली. नंतर चिपिंडेल यांनी इंग्लंडमध्ये टेप पुन्हा ऐकून त्यात अनेक बदल केले. त्यांच्या प्रतीत एका ठिकाणी ‘इथे जरा दाट आहे, बर्ट’ अशा अर्थाचं वाक्य आहे. दाट म्हणजे हवा. हे वाक्य वैमानिकांची काळजी दाखवतं, म्हणून महत्त्वाचं. पण कॉकपिटमध्ये बर्ट नावाचं कुणीच नव्हतं! ते बहुधा ‘हे केप बर्ड’ अशा अर्थाचं असावं, असा दुसरा पर्याय चौकशीत पुढे आला. एका शब्दाने चिंताग्रस्त वैमानिक आपली जागा ओळखणारा वैमानिक होतो.

तुमच्यापैकी जे मौखिक इतिहासावर काम करणार आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवा. मुलाखतीची पहिली लेखी प्रत पुसू नका. नंतर बदल केला तर तारीख घालून वेगळा ठेवा. ऐकू आलं नाही तिथे ‘अस्पष्ट’ लिहा. आपल्या गृहीतकाला सोयीचा शब्दच कानाला ऐकू येतो, आणि हे अगदी प्रामाणिक माणसाचंही होतं.

दुसरी गोष्ट कॉलिन्स यांच्या वहीची. एका पोलिसाला उतारावर त्यांची रिंग-बाइंडर वही सापडली. तेव्हा तिच्यात वाचता येतील अशी पानं होती. ती कुटुंबाकडे पोहोचली तेव्हा पानं नव्हती. याशिवाय, एअर न्यूझीलंडच्या प्रमुखांनी अपघातानंतर कागदपत्रांच्या जादा प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला होता. बहिरंग परीक्षण, अंतरंग परीक्षण आपण शिकतो. पण साधन कुणाकडून कुणाकडे गेलं आणि कुठल्या टप्प्यावर कमी झालं, हे लिहून ठेवायला फारसं कुणी शिकवत नाही. दप्तरखान्यात एखाद्या फाइलमधली पानं गायब दिसली, तर ‘उपलब्ध नाही’ एवढ्यावर थांबू नका. कोणते पृष्ठक्रमांक, कोणत्या दोन पत्रांच्या मधले, हेही नोंदवा. ती पोकळी हाही पुरावाच आहे. कशाचा, ते मात्र आधीच ठरवू नका.

माहॉन कुठे पुढे गेले

इथवर गोष्ट सोपी वाटेल. एकाने खापर मृत वैमानिकाच्या माथी फोडलं, दुसऱ्याने सत्य शोधलं. पण संशोधकासाठी महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे.

माहॉन कारण सांगून थांबले नाहीत. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी साक्षीत ठरवून, संगनमताने खोटं सांगितलं, असा निष्कर्ष त्यांनी अतिशय धारदार शब्दांत मांडला आणि कंपनीवर १,५०,००० न्यूझीलंड डॉलरचा खर्चही लादला. कंपनी अपील न्यायालयात गेली. डिसेंबर १९८१ मध्ये न्यायालयाने खर्चाचा आदेश रद्द केला. ज्यांच्यावर कटाचा आरोप ठेवला, त्यांना तो आधी स्पष्टपणे सांगून उत्तर देण्याची संधीच दिली नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये माहॉन यांनी न्यायाधीशपद सोडलं आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली. ऑक्टोबर १९८३ मध्ये तिथेही ते हरले.

प्रिव्ही कौन्सिलने सांगितलेली दोन तत्त्वं संशोधनालाही लागू पडतात. निष्कर्षाला आधार देणारा काहीतरी खरा पुरावा हवा. आणि ज्याच्याविरुद्ध निष्कर्ष जाणार, त्याला आपली बाजू मांडता आली पाहिजे, म्हणजे जो पुरावा चित्र बदलू शकला असता तो समोर येतो. नॅव्हिगेशन विभागाचं ४ किलोमीटरचं स्पष्टीकरण माहॉन यांना पटलं नव्हतं. प्रिव्ही कौन्सिलच्या मते ती प्रामाणिक चूक असू शकत होती. त्याच निकालात अपघाताच्या कारणांबद्दलच्या माहॉन यांच्या तपासाचं मनापासून कौतुक आहे, आणि वैमानिकांचा निष्काळजीपणा नव्हता हे त्यांनी पटेल असं दाखवल्याचंही म्हटलं आहे.

म्हणजे एकाच अहवालाचा एक भाग टिकला आणि दुसरा पडला. टिकला तो कृतीबद्दलचा: कोणता आकडा, कधी बदलला, कुणाला सांगितलं नाही. पडला तो हेतूबद्दलचा. मला या प्रकरणातून घेण्यासारखं वाटतं ते हेच. कॉलिन्स यांच्याबाबतीत माहॉन यांनी विचारलं, ‘त्या क्षणी त्याला हे बरोबर का वाटलं असेल?’ कंपनीच्या ऑफिसात बसलेल्या कारकुनी चुकांच्या माणसांबाबत त्यांनी हाच प्रश्न तितक्या सहनशीलतेने विचारला नाही. आपल्याला ज्यांच्याबद्दल कळवळा आहे त्यांना परिस्थितीचा फायदा द्यायचा आणि ज्यांचा राग आहे त्यांना थेट हेतू चिकटवायचा, हा मोह चांगल्या संशोधकालाही होतो. शेतकऱ्यांच्या उठावावर लिहिताना मामलेदार आपल्या लेखणीतून आपोआप लबाड होतो, तो असाच.

म्हणून नोट्स काढताना एक साधी सवय लावा. वहीत तीन रकाने करा: काय केलं, काय माहीत होतं, काय हेतू होता. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहील. राहू द्या. तो भरण्याची घाई झाली की समजा, पुरावा संपून आपलं मत सुरू झालंय. आणि ज्याच्याविरुद्ध लिहिताय तो हयात असेल तर त्याला विचारा. नसेल तर त्याचे कागद त्याच्या बाजूने एकदा वाचून काढा.

पुढे काय झालं

माहॉन १९८६ मध्ये वारले. त्यांचा अहवाल न्यूझीलंडच्या संसदेत मांडला गेला तो १९९९ मध्ये. २००९ मध्ये एअर न्यूझीलंडच्या प्रमुखांनी अपघातानंतर कुटुंबांना दिलेल्या वागणुकीबद्दल माफी मागितली. अपघाताला ४० वर्षं झाली त्या दिवशी, २८ नोव्हेंबर २०१९ रोजी, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. ती विमान कंपनी तेव्हा सरकारी मालकीची होती, हेही त्यात आलं. कॉलिन्स यांच्या मुली तोवर मोठ्या झाल्या होत्या. आपले वडील २५७ जणांच्या मृत्यूला जबाबदार नव्हते, हे सरकारच्या तोंडून ऐकायला त्यांना चार दशकं लागली.

आपल्या थिसिसची तळटीप कुणी वाचणार नाही, असं आपण गमतीने म्हणतो. पण ज्यांच्याबद्दल आपण लिहितो त्यांची नातवंडं-पतवंडं कुठेतरी असतात, आणि ती वाचतात. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा आपल्या विषयातली साखळी एकदा उलटी मांडून बघा. शेवटच्या कडीवर कोण उभा आहे? आधीच्या अभ्यासकांनी दोष त्याला दिला आहे का? असेल तर त्याच्या हातात त्या दिवशी कोणता कागद होता, तिथून सुरुवात करा.